करंट कुठे गेला?

आमच्या तालुक्याच्या गावातल्या ऑपरेशन थिएटरला लागून एक खोली आहे. दारावर ‘चेंजिंग रूम’ लिहिलंय, पण तिथे मुख्यतः चहा होतो आणि वाद होतात. मी सर्जन. भूलतज्ज्ञांच्या वादात सर्जनने तोंड उघडायचं नसतं, एवढं मी पंचवीस वर्षांत शिकलोय. त्या शनिवारी मात्र वाद माझ्याच पेशंटच्या पायावरून पेटला, म्हणून सगळा कान देऊन ऐकला.

पेशंट म्हणजे एक ऊसवाले काका. वय ६४, वजन ६० किलो, साखर वीस वर्षांची. उजव्या पायाची तीन बोटं काळी पडलेली. चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू. हृदयाचं पंपिंग २५ टक्के. पूर्ण भूल द्यावी तर हृदय साथ देईल याची खात्री नाही. पाठीत इंजेक्शन द्यावं तर बीपी धाडकन उतरणार. शिवाय त्यासाठी त्या दोन गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस बंद ठेवावी लागते, आणि ती बंद केली की स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती. उरला एकच मार्ग : माणूस जागा, फक्त पाय झोपलेला. म्हणजे पायाला जाणाऱ्या नसा गाठून तिथेच औषध सोडायचं, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो.

‘नसा’ म्हटलं खरं, पण या शब्दाने आमचा कायम घोटाळा होतो. सलाइन लावतात ती नस, लचकते ती नस, मानेत दबते तीही नस. रक्तवाहिनी, स्नायूची दोरी आणि मज्जातंतू या तिघांना मराठी माणूस एकाच नावाने हाक मारतो. इथे ‘नस’ म्हणजे मज्जातंतू, आणि त्यातही मुख्यतः सायटिक. सायटिकामुळे ती घरोघरी माहीत आहे. वैद्य त्या दुखण्याला गृध्रसी म्हणतात, कारण माणूस गिधाडासारखा पाय ओढत चालतो. शरीरातली सगळ्यात जाड नस हीच. कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून उतरते आणि गुडघ्याच्या वर कुठेतरी दोन वाटांनी फुटते.

हे ‘कुठेतरी’च वादाचं मूळ.

एका बाजूला आमचे सर. सत्तरीला टेकलेले. चाळीस वर्षं मोटारसायकलवर आणि नंतर मारुतीत, एक बॅग घेऊन, या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात भूल देत फिरणारे. दुसऱ्या बाजूला मॅडम, सरांचीच विद्यार्थिनी. पुण्यात नोकरी, माहेर इथलं, म्हणून महिन्यातून दोन शनिवार आमच्याकडे.

सर : सोनोग्राफीचं मशीन कशाला काढतेस? पाय समोर आहे. गुडघ्याच्या मागच्या घडीपासून सात सेंटिमीटर वर, बाहेरच्या बाजूला दोन स्नायूंमध्ये खाच लागते. तिथून सुई आडवी. हाड लागलं की मागे घे आणि तीस अंश खाली वळव. सायटिक तिथेच बसलेली असते.

मॅडम : सर, ‘तिथेच’ म्हणजे कुठे? कुणाची घडीपासून पाच सेंटिमीटरवर फुटते, कुणाची दहा-बारावर. सात सेंटिमीटर हा सरासरी माणूस झाला. काका सरासरी आहेत असं त्यांच्या कपाळावर लिहिलंय का?

सर : अगं, सरासरीवरच आम्ही शेकडो पाय कापून घेतले. गॅस्टन लॅबटने १९२२च्या पुस्तकात कुल्ल्यातली जागा सांगितली : मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा आणि पाठीमागचं कमरेचं टोक यांना जोडणारी रेघ मारा, मध्य काढा, तिथून काटकोनात खाली उतरा. शंभर वर्षं झाली. हाडं तीच आहेत.

मॅडम : हाडं तीच आहेत, पण नस हाडाला बांधलेली नाही ना. आणि तुम्ही रेघेवरून सुई घालायचात, पण पोहोचलो हे कळायचं कसं?

सर : पेशंट सांगायचा! आमच्या वेळी मंत्रच होता, नो पॅरेस्थेशिया, नो ॲनेस्थेशिया. सुई नसेला टेकली की झिणझिणी येते. मी विचारायचो, ‘काका, करंट कुठे गेला?’ अंगठ्यात गेला म्हटलं की समजायचं, घर सापडलं.

मॅडम : आणि काका काय म्हणायचे ते मला माहीत आहे. सुई टोचायच्या आधीच ‘गेला, गेला, अंगठ्यात गेला’. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून.

इथे सर हसले. मीही हसलो, कारण हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. एका आजींनी तर ‘करंट कुठे गेला?’ या प्रश्नाला वर पंख्याकडे बघत ‘आत्ताच आला’ असं उत्तर दिलं होतं.

मॅडम : विनोद बाजूला ठेवू, पण करंट बसतो म्हणजे सुई नसेला टेकते. जो प्रकार टाळायला हवा, तोच तुम्ही खूण म्हणून मागत होतात.

सर : म्हणून तर आम्ही ते सोडलं. १९६२ साली ग्रीनब्लाट आणि डेन्सन यांनी हातात मावेल असं स्टिम्युलेटरचं यंत्र दाखवलं, आणि पुढे ते आमच्याकडे आलं. मग पेशंटला विचारायची गरजच उरली नाही. सुईच्या टोकातून बारीक वीज सोडायची, एक-दीड मिलिॲम्पिअरपासून सुरुवात करायची. पाऊल खाली दाबलं गेलं तर पिंडरीकडची टिबिअल, वर उचललं तर बाहेरची पेरोनिअल. मग वीज कमी करत जायची. अर्ध्या मिलिॲम्पिअरला पाऊल हलतंय म्हणजे जवळ आहोत. पॉइंट दोनच्याही खाली हलतंय म्हणजे जरा जास्तच जवळ, सुई मागे घे. पेशंट खोटं बोलेल, स्नायू बोलत नाही.

मॅडम : साखरेचा स्नायू बोलतो, सर.

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. सरांनी बशीत चहा ओतला. मला वाटलं, वार बरोबर लागला. वीस वर्षांच्या मधुमेहाने नस आतून खराब झालेली असते. तिला जागं करायला जास्त वीज लागते, आणि काही वेळा सुई टेकलेली असूनही पाऊल हलत नाही. म्हणजे ज्या पायांना हा ब्लॉक सगळ्यात जास्त लागतो, नेमक्या त्याच पायांत स्टिम्युलेटर गप्प बसण्याची शक्यता. मॅडमनी हे सांगताना आवाज चढवला नाही, त्यामुळे ते अधिकच टोचलं असावं.

सर : बरं. तुझा पडदा काय सांगतो?

मॅडम : पडद्यावर नस दिसते. मधमाश्यांचं पोळं आडवं कापल्यासारखी. शेजारी रोहिणी धडधडते. सुई येताना दिसते, औषध नसेभोवती पसरताना दिसतं. पसरलं नाही तर तिथल्या तिथे सुई हलवता येते. औषधही कमी लागतं. तुम्ही सायटिकला किती घालायचात?

सर : तीस मिलि.

मॅडम : अर्ध्या टक्क्याच्या ब्युपिव्हाकेनचं एका मिलिमध्ये पाच मिलिग्रॅम. मर्यादा किलोला दोन मिलिग्रॅम. साठ किलोच्या काकांना एकशे वीस मिलिग्रॅम, म्हणजे चोवीस मिलि. तिथेच तुम्ही रेषा ओलांडली. मी पंधरात भागवते.

सर : (बॅगेवर हात ठेवून) म्हणून बॅगेत ही दुधासारखी पिशवी असते. वीस टक्क्यांचं इंट्रालिपिड. औषध रक्तात गेलं, फिट आली, हृदय अडखळलं, तर किलोला दीड मिलि. देव करो आणि ती फोडायची वेळ न येवो.

मॅडम : देवावर सोडण्यापेक्षा सुई रोहिणीत नाही हे दिसलेलं बरं.

सर : हे मान्य. एक विचारतो, खरं सांग. या पडद्यामुळे नसेला होणारी इजा कमी झाली असं कुणी सिद्ध केलंय?

मॅडम : ठामपणे नाही. ब्लॉक फसण्याचं प्रमाण कमी झालं, रक्तवाहिनीत सुई जाणं कमी झालं, औषधाची बाधा कमी झाली. नसेच्या इजेबद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही.

सर : का? तर पडदा दिसतो म्हणून माणूस धीट होतो. प्रोब जरा तिरका झाला की तुझं पोळं गायब होतं आणि स्नायूची दोरी नसेसारखी दिसायला लागते. मी पाहिलंय. नवीन मुलं पडद्याकडे इतकी बघतात, की पेशंटचा चेहरा पांढरा पडलेला त्यांना दिसत नाही.

मॅडमनी हे ऐकून घेतलं. माझ्या मते हा सरांचा गुण होता. शिकणाऱ्याने डोळे पडद्यावर ठेवून सुई आंधळेपणाने ढकलणं, ही आजची खरी भीती आहे, आणि ती मशीनने दूर होत नाही.

मॅडम : सर, मग तुम्ही एक हातात मावणारं मशीन घेत का नाही? फोनला जोडता येतं, बॅगेत बसतं.

सर : बॅगेत बसतं, पण कायद्यात बसत नाही.

हा मुद्दा पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात बसून लक्षात येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पहिला कायदा देशात महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा. त्यात सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदवावं लागतं, मग ते पोटावर फिरो नाहीतर गुडघ्यावर. २०१२च्या नियमांनी पोर्टेबल मशीनला आणखी लगाम घातला : ज्या जागेची नोंदणी, त्याच जागेत, तिथल्या दाखल पेशंटसाठीच ते वापरायचं. फिरत्या वैद्यकीय पथकांना सवलत आहे, पण बॅग घेऊन फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाला ती लागू होत नाही. सर दिवसाला तीन हॉस्पिटलं करतात. स्टिम्युलेटर कोणत्याही दारातून आत नेता येतो. प्रोब नेला तर गुन्हा.

मॅडम : हा अन्याय नाही का वाटत तुम्हाला? गुडघ्यामागे कसलं लिंगनिदान?

सर : अन्याय कसला? २००१च्या जनगणनेत आपल्या राज्यात हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या ९१३ मुली होत्या. दहा वर्षांनी ८९४. कायदा असून ही गत. फोनला जोडायचं मशीन बॅगेतून मोकळं फिरू दिलं, तर ते गुडघ्यापाशीच थांबेल अशी हमी तू देतेस? मी या तालुक्यातल्या पोरींच्या बाजूने आहे, मला स्टिम्युलेटर पुरतो.

मला अपेक्षा होती की सर कायद्याला शिव्या देतील. मॅडमनाही तीच असावी, कारण यावर त्यांना चटकन काही सुचलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, ‘इथलं मशीन तर नोंदवलेलं आहे ना? माझं नाव त्यात आहे ना?’ दोन्ही होतं. सोनोग्राफीच्या खोलीची किल्ली सिस्टरांनी आणली.

काकांना पालथं झोपवणं शक्य नव्हतं, आडवं केलं की धाप लागायची. डोक्याकडून टेबल उचललं, पिंडरीखाली चादरींची चळत ठेवली, म्हणजे गुडघ्यामागची जागा मोकळी राहिली. मॅडम जेल लावणार तेवढ्यात सर म्हणाले, ‘थांब.’

त्यांनी कापसाचा बोळा घेतला. काकांना डोळे मिटायला सांगितले आणि पावलावर ठिकठिकाणी बोळा फिरवला. ‘लागतंय का?’ तळव्यावर नाही. बोटांवर नाही. घोट्याच्या वर चार बोटं गेल्यावर काका म्हणाले, ‘आता कळलं.’ दुसऱ्या पायाचंही तेच. सरांनी केसपेपरवर दोन पावलं काढली, बधिर भाग रेघांनी भरला, खाली वेळ टाकली, काकांचा अंगठा आणि मुलाची सही घेतली.

सर : आता घाल सुई. उद्या कुणी म्हणायला नको की तुझ्या इंजेक्शनने पाय बधिर झाला.

मग त्यांनी मांडीच्या बाहेरची खाच बोटांनी चाचपली आणि जांभळ्या पेनने फुली मारली. ‘ही माझी जागा. तुझा पडदा काय म्हणतो बघू.’

मॅडमनी गुडघ्याच्या घडीत प्रोब टेकवला. आधी रोहिणी दिसली, तिच्या वर आणि किंचित बाहेर एक गोल पोळं, टिबिअल. काकांना पाऊल वर-खाली हलवायला सांगितलं. हलवलं, तसं ते पोळं आणि त्याच्या बाहेरचं दुसरं, लहान, अशी दोन्ही आळीपाळीने वर-खाली झाली. सीसॉवर बसलेल्या दोन पोरांसारखी. मी इतकी वर्षं पाय कापतोय, पण नसा अशा जिवंत हलताना मी पहिल्यांदाच पाहिल्या. मॅडम प्रोब वर सरकवत गेल्या. सरांच्या फुलीच्या पातळीवर दोन्ही नसा अजून वेगळ्याच होत्या, मध्ये बोटभर अंतर. त्या एकत्र आल्या तीन सेंटिमीटर वर गेल्यावर.

सर : म्हणजे मला एकच सापडली असती.

मॅडम : आणि पाऊल अर्धं जागं राहिलं असतं.

सुई बाहेरच्या बाजूने, पडद्यावर एक उजळ रेघ उमटवत आली. सरांच्या हट्टापायी तिला स्टिम्युलेटरही जोडला होता. अर्ध्या मिलिॲम्पिअरला पाऊल स्तब्ध. पॉइंट आठला स्तब्ध. टोक मात्र नसेच्या काठाशी दिसत होतं, दाण्याच्या टरफलाला लागलेल्या नखासारखं. एक पॉइंट दोनला अंगठा जेमतेम थरथरला. सरांनी यंत्राचं बटण स्वतःच बंद केलं.

औषध हळूहळू, दर तीन मिलिनंतर सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना बघत. दोन नसांच्या भोवतालच्या पातळ आवरणात काळं पाणी पसरलं आणि पोळी त्यात तरंगायला लागली. पंधरा मिलि.

उरली पायाची आतली कड. तिथली कातडी सायटिकची नाही, मांडीच्या पुढून येणाऱ्या फिमोरलच्या शेवटच्या धाग्याची, सॅफिनसची. मॅडम प्रोब मांडीच्या मध्यावर नेत होत्या. गुडघा बदलताना हल्ली त्याच भागात, ॲडक्टर कॅनालमध्ये ब्लॉक देतात, कारण फिमोरल वर जांघेत गाठली तर मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो आणि चालायला उठवलेला पेशंट पडतो. पण काकांना काही त्याच दिवशी चालायचं नव्हतं. सर म्हणाले, ‘एवढ्यासाठी कशाला?’ आणि गुडघ्याच्या खाली, नडगीच्या आतल्या बाजूने कातडीखाली पाच मिलि लिग्नोकेनची फक्त एक रेघ मारली. अर्ध्या मिनिटाचं काम. मॅडमनी प्रोब पुसून ठेवला.

सर : घोट्यावरच्या पाच नसांनाही मी मशीन मागणार नाही हं. चार सायटिकच्या, एक फिमोरलची. घोट्याभोवती चाचपून देता आलंच पाहिजे. वीज गेली तर काय करशील?

मॅडम : देते, सर. तुम्हीच शिकवलंय. फक्त काकांची सूज घोट्यापर्यंत आली होती, तिथे सुई घालायची नव्हती, म्हणून वर यावं लागलं.

यापुढे भूलतज्ज्ञ सर्जनची परीक्षा बघतात. औषध चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ आम्ही हात धुऊन ताटकळतो. मी दोनदा घड्याळ बघितलं. दोघांनीही मान वर केली नाही. स्पिरिटचा बोळा लावून विचारणं चालू होतं : ‘थंड लागतंय का?’ पाव तासाने नडगीवर ‘थोडं’, पंचवीस मिनिटांनी ‘काही नाही’. पाऊल वर उचला म्हटलं, तर काकांनी सगळा जोर लावूनही ते उचललं नाही. ‘हा पाय माझाच आहे ना?’ त्यांनी विचारलं. मी सुरी घेतली तेव्हा ते मुलाशी उसाच्या तोडीबद्दल बोलत होते.

चाळीस मिनिटं लागली. बीपी दहा अंकांच्या वर हललं नाही.

व्हिएन्नात १८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, आणि त्याच शहरात ११० वर्षांनी, १९९४मध्ये, सोनोग्राफीच्या मदतीने नसा गाठायच्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक झाला. मॅडम हे चहावर सांगत होत्या. सर म्हणाले, ‘त्या दोन्हींच्या मधली वर्षं आम्ही काढली.’

माझं मत विचाराल तर मशीन ज्या जागेत नोंदवलेलं आहे, तिथे साखरेच्या पायाला ते न वापरणं आता हट्ट झाला. स्टिम्युलेटरवर विसंबून त्या दिवशी काकांचा पाय अर्धाच झोपला असता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण कापसाचा बोळा मॅडमना सुचला नव्हता, हेही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे राउंडला गेलो. मुलगा घाबरून उभा होता, ‘डॉक्टर, अठरा तास झाले, बाबांचा तळवा अजून बधिर आहे.’ मी केसपेपर उलटून कालची दोन पावलं त्याच्यासमोर धरली, सकाळची वेळ आणि त्याचीच सही दाखवली. काकांनी पाऊल वर उचललं, खाली दाबलं, घोट्यावर चार बोटं हात फिरवला आणि म्हणाले, ‘उतरली औषधाची भूल. आता आहे तो माझा नेहमीचा बधिरपणा.’